केंटकीत लॅटिन शिकायला जाऊ का?

ताई, मी वसईची, वय २५. मुंबई विद्यापीठातून इतिहासात एम.ए. केलं, सध्या शाळेत शिकवते. आमच्या आजोबांना चर्चमधली जुनी लॅटिन मिस्सा, म्हणजे उपासना, तोंडपाठ. त्यांचा 'क्रेदो' (त्यातली श्रद्धेची प्रार्थना) ऐकतच मी मोठी झाले. लॉकडाऊनमध्ये घरबसल्या लॅटिन शिकायला घेतली ती सुटलीच नाही. आता सीझर बऱ्यापैकी वाचता येतो. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात लॅटिनचे वर्ग लॅटिनमधूनच चालतात असं कळलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. पुढे मला वसईच्या चर्चच्या जुन्या कागदपत्रांवर काम करायचं आहे. पप्पा म्हणतात, "मी बघितलं, ते मुळात शेतकी कॉलेज. तिकडे लॅटिन शिकायला जाणं म्हणजे दापोलीला जाऊन संस्कृत शिकणं." न्यू जर्सीची मावशी म्हणते, जायचंच तर नाव असलेल्या ठिकाणी जा. शैक्षणिक कर्ज काढावं लागेल आणि पप्पांची निवृत्ती जवळ आली आहे. जाऊ का?
– लॅटिनवेडी, वसई

प्रिय लॅटिनवेडी,

तुझ्या पप्पांनी विद्यापीठाची कुंडली काढून बघितली, हे मला मनापासून आवडलं. बहुतेक घरांत नकार आधी येतो आणि चौकशी नंतर होते, झालीच तर. शिवाय त्यांना जे सापडलं ते खरं आहे. केंटकी विद्यापीठाची सुरुवात १८६५ साली लेक्सिंग्टन शहरात शेतकी आणि यांत्रिकी कॉलेज म्हणूनच झाली. आजचं नाव मिळालं ते १९१६ साली.

पण पप्पांनी आणखी एक पान उलटलं असतं तर त्यांना गंमत दिसली असती. अशी कॉलेजं ज्या कायद्यामुळे उभी राहिली तो मॉरिल कायदा. अब्राहम लिंकनने त्यावर २ जुलै १८६२ रोजी सही केली. (लिंकन स्वतः केंटकीत जन्मलेला, आणि बायको तर लेक्सिंग्टनचीच.) केंद्राने राज्यांना जमिनी द्यायच्या, त्या विकून आलेल्या पैशावर राज्यांनी कॉलेजं चालवायची, अशी ती योजना. शेती आणि यंत्रविद्या शिकवणं हा मुख्य हेतू, हे सांगता सांगता कायदा करणाऱ्यांनी मध्येच एक पोटवाक्य घालून ठेवलं: इतर शास्त्रीय आणि अभिजात विषय न वगळता. त्या काळच्या अमेरिकेत अभिजात विषय म्हटलं की ग्रीक आणि लॅटिन. देशात यादवी युद्ध पेटलेलं, आणि हे लोक शेतकऱ्याच्या पोराला नांगराबरोबर रोमन वक्ता सिसेरोही मिळाला पाहिजे असं कायद्यात लिहून ठेवत होते. तेव्हा दापोलीचा टोला झकास आहे, पण केंटकीला तो लागत नाही. दापोलीत उद्या संस्कृत सुरू झालं तर मला आनंदच होईल, हा भाग वेगळा.

आता तिथे नेमकं काय आहे ते बघू, कारण तुझ्या पत्रात उत्साह भरपूर आहे आणि तपशील कमी.

टेरेन्स टनबर्ग नावाच्या प्राध्यापकांनी १९९६ मध्ये लेक्सिंग्टनला एक उन्हाळी मेळावा सुरू केला, कॉन्वेंतिक्युलुम नावाचा. शाळेतले लॅटिनचे शिक्षक, विद्यार्थी, हौशी वाचक असे लोक आठवडाभर एकत्र राहतात. पहिल्या संध्याकाळी ओळखी होतात, आणि मग सगळे शब्द देतात की मेळावा संपेपर्यंत लॅटिनखेरीज दुसरी भाषा तोंडातून काढायची नाही. खोलीची किल्ली सापडत नाही, कॉफीत साखर जास्त झाली, रात्री झोप लागली नाही, जे काय असेल ते लॅटिनमध्ये. दिवसाच्या सत्रांत चित्र समोर ठेवून त्याचं वर्णन करायचं, छोटे प्रवेश बसवायचे, उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि शेजाऱ्याला तो आपल्या शब्दांत सांगायचा. इरॅस्मसचे संवाद या कामाला उत्तम, कारण सोळाव्या शतकात ते लिहिलेच गेले मुळी पोरांना लॅटिन बोलती यावी म्हणून. मेळावा नवशिक्यांसाठी नाही. पण आधी बोलायचा सराव हवा अशीही अट नाही. रूपं पक्की असली आणि मध्यम अवघड मजकूर वाचता आला की पुरे. म्हणजे अगदी तुझ्याच वर्गातली माणसं.

पुढे टनबर्ग आणि मूळच्या बल्गेरियाच्या मिलेना मिंकोवा यांनी विद्यापीठातच लॅटिन अभ्यासाची संस्था उभी केली. तिथल्या पदव्युत्तर प्रमाणपत्राचे सेमिनार लॅटिनमध्ये चालतात. चर्चा लॅटिनमध्ये आणि लेखनही लॅटिनमध्ये. क्लासिक्सच्या, म्हणजे ग्रीक-लॅटिनच्या, एम.ए.बरोबर ते करता येतं. अभ्यासक्रम रोमन काळाशी थांबत नाही, आणि मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. लॅटिनमध्ये जे लिहिलं गेलं त्यातला फार मोठा भाग रोम बुडाल्यानंतरचा आहे. न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' १६८७ चं, वनस्पतींना दोन शब्दांची नावं रुळवणारा लिनियसचा ग्रंथ १७५३ चा, गाउसचं अंकशास्त्र १८०१ चं, तिन्ही लॅटिनमध्ये. फ्रान्समध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही डॉक्टरेटला मुख्य प्रबंधाच्या जोडीने एक लॅटिन प्रबंध द्यावा लागे. समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्या दुर्खेमने १८९२ साली तो माँतेस्क्युवर लिहून दिला. याच्या उलट टोकाला थोमासियुस हा जर्मन विद्वान. १६८७ साली त्याने लाइपझिगच्या विद्यापीठात जर्मनमध्ये व्याख्यानं जाहीर केली, तेव्हा तो आगाऊपणा ठरला होता. हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की लॅटिनमधून लॅटिन शिकवणं हे केंटकीवाल्यांचं खूळ नव्हे. विद्यापीठं शतकानुशतकं अशीच चालत होती. भाषेकडे नुसतं पृथक्करणाचं साहित्य म्हणून बघायची सवय मागाहूनची.

तुला याची कल्पना संस्कृतवरून येईलच. दहावीला संस्कृतात पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुलं 'जरा सरकून बस' हे संस्कृतात म्हणताना घाम पुसतात, आणि संभाषण वर्गाला जाऊन आलेली एखादी आजी बिनचूक नसली तरी धडाधड बोलते. दोघांची वाचायची तऱ्हाही मग वेगळी होते. एक जण वाक्य सोडवतो, दुसरा वाचतो.

मावशींना उत्तर इथेच देऊन टाकते. मोठ्या नावाच्या बहुतेक विभागांत लॅटिन वाचतात आणि तिच्याबद्दल इंग्रजीत बोलतात. तुला जे हवंय ते नावावर मिळत नाही. मावशींचं प्रेम घे, सल्ला राहू दे.

आता मूळ दुखण्याकडे येते. तुझं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्यात दोन वेगळ्या इच्छा आहेत आणि तू त्या एकाच अर्जात कोंबते आहेस. एक, लॅटिन जिवंतपणी वापरायची. दोन, वसईच्या चर्चचा इतिहास लिहायचा. पहिलीसाठी केंटकी उत्तम. दुसरीसाठी केंटकी हा लांबचा, महागडा वळसा आहे, आणि हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं.

वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती, ती १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतली. त्या दोनशे वर्षांचा कारभार, जमीनजुमला, देणग्या, तंटे हे सगळं मुख्यतः पोर्तुगीजमध्ये आहे. रोमशी चाललेला पत्रव्यवहार, पोपचे आदेश, धर्मशास्त्राचे वाद यात लॅटिन भेटते. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या लोकांची पत्रं योसेफ विकी या जेझुइट विद्वानाने 'दोकुमेंता इंदिका' या नावाने १८ खंडांत छापली. पहिला खंड १९४८ चा, शेवटचा १९८८ चा. सोळाव्या शतकातल्या भारताची इतकी तपशीलवार खाण दुसरी क्वचितच सापडेल. त्यात लॅटिन आहे, पोर्तुगीज आहे, स्पॅनिश आणि इटालियनही आहे. एकटी लॅटिन घेऊन गेलीस तर अर्ध्या दारांशी थांबशील. म्हणून वसई हाच खरा हेतू असेल तर आधी पोर्तुगीज धर. ती गोवा विद्यापीठात शिकायची सोय आहे आणि पणजीचं पुराभिलेख खातं तिथून हाकेच्या अंतरावर. रजा टाकून तिथे बसता येतं, त्याला व्हिसा लागत नाही.

पण याचा अर्थ लॅटिन टाकून दे असा घेऊ नकोस. गोव्याकडे बघितलं की या भाषेची गरज अधूनमधून लख्ख दिसते. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' (१६१६) मराठी वाचकाला माहीत असतं. हाच माणूस १५८३ साली गोव्याहून आपल्या भावाला पत्र लिहितो आणि त्यात म्हणतो की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. संस्कृतचं ग्रीक-लॅटिनशी नातं सांगणारं विल्यम जोन्सचं प्रसिद्ध भाषण १७८६ चं, म्हणजे हे त्याच्या दोनशे वर्षं आधी. पत्र आहे लॅटिनमध्ये. मराठीचा अभ्यास करणाऱ्या किती जणांनी ते मुळातून वाचलं असेल, तूच सांग.

आणि पप्पांचा न विचारलेला प्रश्न, 'या लॅटिनचं भारतात करणार काय', त्याला माझ्याकडे एक भक्कम उत्तर आहे. कोचीच्या डच कारभाऱ्याने, व्हान रीडने, केरळातल्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा १२ खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. आम्स्टरडॅमला तो १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. भाषा लॅटिन. माहिती मात्र इट्टी अच्युतन या वैद्याची आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तिघा कोकणी ब्राह्मणांची. या तिघांनी दिलेला १६७५ चा दाखला पहिल्या खंडात कोकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेला आहे. आपल्या बाजूच्या माणसांचा मजकूर युरोपच्या छापखान्यात नागरीत उमटला, आणि भोवती सगळी लॅटिन. लिनियसने हा ग्रंथ वापरला. इथे मात्र तीनशे वर्षं तो बंद पेटीसारखा पडून होता. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी लॅटिनशी झुंजत तीन दशकांहून अधिक काळ त्यावर काम केलं. केरळ विद्यापीठाने त्यांचा सटीप इंग्रजी अनुवाद २००३ साली काढला आणि मल्याळम २००८ साली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारी विद्यापीठ आणि लॅटिन यांचं जमतं ते असं. नोकरीच्या जाहिरातीत हे काम कधी दिसणार नाही, पण ते करू शकणारी माणसं देशात बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

आता पैशाचं. इथे मी गोड बोलणार नाही.

कर्ज काढून जाऊ नकोस. अमेरिकेतली राज्य विद्यापीठं आपल्या राज्यातल्या मुलांना कमी फी लावतात आणि बाहेरच्यांना बरीच जास्त. आपण त्या बाहेरच्यांत मोडतो. पदवीनंतर तिथे काम करायची मुभा विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना तीन वर्षांपर्यंत मिळू शकते, तुझ्या विषयाला एकच वर्ष. सरकारी शाळेत लॅटिन शिकवायची तर त्या राज्याचा शिक्षक परवाना हवा, आणि परदेशी माणसाच्या व्हिसाची खटपट करायला शाळा सहसा तयार नसतात. म्हणजे रुपयात काढलेलं कर्ज इथल्या शाळेच्या पगारातून फेडायचं, आणि तेही पप्पांचा पगार बंद झाल्यावर. त्यांच्या भविष्य निर्वाह निधीकडे बघूसुद्धा नकोस.

मग दार बंद का? नाही. या विभागांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अध्यापन साहाय्यकाचं काम मिळू शकतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना प्राथमिक लॅटिन शिकवायची, बदल्यात फी माफ आणि राहण्या-खाण्यापुरतं मानधन. जागा थोड्या, चढाओढ आहे. पण तू वर्गात उभी राहून शिकवलेली बाई आहेस. बाविशीतल्या, नुकत्याच पदवी घेतलेल्या पोरांच्या अर्जात ही गोष्ट नसते. अर्जात ती पहिल्या परिच्छेदात येऊ दे, आजोबा दुसऱ्यात. साहाय्यकाची जागा मिळाली तर बॅग भर, माझा आशीर्वाद आहे. नाही मिळाली तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, दरम्यान गोव्याला जाऊन पोर्तुगीज कर. या बाबतीत मध्यममार्ग नाही, 'निम्मी फी माफ होतेय, उरलेलं बघू' हा तर मुळीच नको.

अर्जाच्या आधी घरी एक परीक्षा घे. सीझरचा एक परिच्छेद वाच, पुस्तक मिट, फोनवर रेकॉर्डिंग लाव आणि तोच प्रसंग लॅटिनमध्ये सांग. पाच मिनिटं, थांबलीस तरी मराठीत शिरायचं नाही. पहिल्यांदा दीड वाक्यानंतर गाडी अडेल, क्रियापद शेवटी ठेवण्याच्या नादात कर्ता विसरशील. तरीही महिनाभर रोज करावंसं वाटलं तर केंटकी तुझ्यासाठी आहे. आणि चौथ्या दिवशी कंटाळा आला तर तुला लॅटिन वाचायला आवडते, बोलायला नाही. तेही काही वाईट नाही, फक्त त्यासाठी एवढ्या लांब जायचं कारण उरत नाही. बोलताना उच्चारांकडे लक्ष दे. आजोबांच्या क्रेदोत 'चेली एत तेर्रे' येतं ना, तेच अमेरिकी विद्यापीठांत बहुधा 'काएली एत तेर्राए' असं ऐकू येईल. आजोबांचं चूक नाही, चर्चचा उच्चार तसाच असतो आणि तो त्यांच्यासमोर सुधारायला जाऊ नकोस. पण वर्गात सगळे एक म्हणतात आणि आपण दुसरं, असं झालं की बोलायचा धीर जातो. आधीच कानाला सवय लाव.

मग विभागाला ई-मेल पाठव. इंग्रजीत, मुद्द्याचं: येत्या वर्षी लॅटिनमधले सेमिनार कोण घेणार आहे, साहाय्यकाच्या किती जागा आहेत, त्यांच्या अर्जाची मुदत वेगळी आहे का, नुसत्या प्रमाणपत्रासाठी विद्यार्थी व्हिसाची कागदपत्रं मिळतात की एम.ए.लाच प्रवेश घ्यावा लागतो, उन्हाळी मेळावा कधी आहे. अशी केंद्रं एक-दोन माणसांच्या बळावर उभी असतात. ती माणसं निवृत्त झाली की पाटी तशीच राहते आणि आतला वर्ग बदलतो, म्हणून पहिला प्रश्न कधीही गाळू नकोस. शेवटी एक परिच्छेद लॅटिनमध्ये लिही, स्वतः, कुठल्याही यंत्राच्या मदतीशिवाय. त्यात एखादी चूक राहिली तरी चालेल. त्यांना तुझी लॅटिन बघायची आहे.

राहिली एक गोष्ट, जी पत्रात कुठेच नाही: ग्रीक. पुढे पीएच.डी.चा विचार मनाच्या कोपऱ्यात जरी असेल, तरी अमेरिकेतले क्लासिक्सचे विभाग लॅटिनच्या जोडीला ग्रीक मागतात, वर वाचनापुरती जर्मन किंवा फ्रेंच. तिथे जाऊन ग्रीक सुरू करता येईल, पण दिवसा मुलांना लॅटिन शिकवायची, संध्याकाळी सेमिनारात लॅटिन बोलायची आणि रात्री ग्रीक क्रियापदं पाठ करायची, हे दोन वर्षं चालणं कठीण. शाळेला दिवाळीची सुट्टी लागेल तेव्हा ग्रीकचं एखादं प्राथमिक पुस्तक उघड आणि निदान लिपी आणि नामांची पहिली दोन रूपं पक्की करून टाक.

– तुझी ताई